विष्णूचे देऊळ आणि हवासुपाईंची बाग

परक्या मुलखात फिरत असता ओळखीचे एखादे नाव अवचित दृष्टीस पडले, म्हणजे मनुष्य आपले वय आणि आपली विद्या ही दोन्ही क्षणभर विसरतो. अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानात कोलोरॅडो नदीची जी अवाढव्य घळ आहे, व जिला तिकडील लोक ‘ग्रँड कॅनियन’ म्हणतात, तिच्या दक्षिण काठावर उभे राहून हातातील नकाशा आम्ही समोरच्या देखाव्याशी ताडून पाहत होतो. सकाळची वेळ होती. खालच्या अंधारातून एकेक शिखर उन्हात वर येत होते. त्यांतील एका सुळकेवजा शिखराचे नाव नकाशात शोधू लागलो, तो ते निघाले ‘विष्णूचे देऊळ’. त्याच्या पश्चिमेस ‘ब्रह्म्याचे देऊळ’, आणखी पलीकडे ‘शिवाचे देऊळ’. मनू आणि बुद्ध ह्यांचीही देवळे होती. आणि विष्णूच्या सान्निध्यात राम व कृष्ण ह्यांची लहान लहान देवस्थाने. पंढरपुराहून निघून अर्धी पृथ्वी ओलांडावी, आणि तेथेही विठोबाने आधीच येऊन उभे राहावे, असा हा प्रकार होता.

बरोबरच्या मंडळींस ही नावे वाचून दाखविताच सर्वांचे चेहरे फुलले. एका गृहस्थांनी हात जोडले. दुसऱ्यांनी छायाचित्र घेतले. आणि तिसऱ्यांनी ‘आपले पूर्वज येथवर आलेच असले पाहिजेत’ असा सिद्धान्त तेथल्या तेथे मांडून टाकला. आमचाही ऊर थोडासा भरून आला, हे कबूल केले पाहिजे. परंतु इतिहास शिकविण्यात ज्याची उमर गेली, त्यास निर्भेळ आनंदाची सवय राहत नाही. ही नावे येथे कोणी आणली, केव्हा आणली, आणि ती येण्यापूर्वी ह्या शिखरांस व ह्या घळीस नावे नव्हती काय, असे प्रश्न मनात उभे राहिले. त्यांचा माग काढता काढता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम स्थळाची कल्पना दिली पाहिजे. उत्तर ॲरिझोनाचा हा प्रदेश म्हणजे समुद्रसपाटीपासून सहा ते नऊ हजार फूट उंचीचे कोरडे पठार. त्यातून कोलोरॅडो नदी २७७ मैल लांब, रुंदीत काही ठिकाणी १८ मैल आणि खोलीत सुमारे एक मैल अशी घळ कोरीत गेली आहे. आपल्या सह्याद्रीच्या कड्याशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण दोहोंत मोठे अंतर आहे. सह्याद्री आपण खालून वर पाहतो. ही घळ वरून खाली पाहावयाची असते. चालत येणाऱ्या मनुष्यास शेवटच्या शंभर पावलांपर्यंत तिचा सुगावाही लागत नाही. देवदाराच्या जातीच्या झाडांतून वाट जाते, आणि एकदम पुढची जमीनच नाहीशी होते. कोकणकड्याच्या टोकाशी पोटात जो गोळा उठतो, तोच येथे उठतो. पण कड्याखाली कोकण नसून दुसरे कडे, त्यांखाली तिसरे, आणि अगदी तळाशी दोऱ्यासारखी नदी दिसते.

काठावरची चुनखडी सुमारे २७ कोटी वर्षांची आहे. तिच्याखाली वाळूचे, चिखलाचे आणि चुन्याचे थर पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले आहेत. आणि सर्वांत तळाशी काळा स्फटिकी खडक आहे, त्याचे वय सुमारे १७५ कोटी वर्षे. आपल्या दख्खनचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ह्या घळीच्या काठाच्या मानानेही तो पोरवयाचाच. नदीने ही घळ कोरली ती मात्र बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते गेल्या ५०-६० लाख वर्षांत. पाऊस थोडा असल्यामुळे कडे झिजून गोल झाले नाहीत, त्यांच्या कडा तीक्ष्ण राहिल्या. तळाच्या त्या पुरातन खडकासही विष्णूचेच नाव आहे. ते वॉलकॉट नावाच्या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिले. शेषशायी भगवान सर्वांच्या तळाशी असावेत, हे आम्हांस शोभूनच दिसले. असो.

ह्या घळीस युरोपियन मनुष्याची दृष्टी प्रथम पडली ती १५४० साली. म्हणजे इकडे शेरशहाने कनोजच्या लढाईत हुमायूनास पराभूत केले, त्याच वर्षी. सोन्याच्या सात नगरांच्या शोधात निघालेला स्पॅनिश सरदार कोरोनाडो ह्याने गार्सिया लोपेझ दे कार्देनास ह्यास थोड्या लोकांनिशी पश्चिमेकडे पाठविले. होपी नावाच्या तद्देशीय लोकांनी त्यास वाट दाखविली, आणि सुमारे वीस दिवसांच्या प्रवासानंतर तो काठावर येऊन पोहोचला. वरून पाहताना स्पॅनिश लोकांस नदी सहा फूट रुंदीची वाटली. वाटाड्यांनी ती पुष्कळच रुंद असल्याचे सांगितले, ते त्यांस पटले नाही. तेव्हा तिघे चपळ गडी खाली उतरविण्यात आले. ते दिवसभर खपून एक तृतीयांश उतरले आणि परत आले; वरून पुरुषभर उंच दिसणारे खडक सेव्हिल नगरीच्या मोठ्या मनोऱ्याहूनही उंच निघाले, असे त्यांनी सांगितले. वाटाड्यांचे म्हणणे खरे होते. होपी लोक ह्या घळीत फार पूर्वीपासून मीठ आणावयास उतरत. त्यांच्या भाषेत तिचे नावच ‘ओंगतुपका’, म्हणजे मिठाची घळ. उतरण्याची वाट त्यांस ठाऊक होती. त्यांनी पाहुण्यांस ती बुद्ध्याच दाखविली नाही, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे. तो खरा असल्यास त्या लोकांच्या दूरदृष्टीची तारीफच केली पाहिजे.

एवढ्या पराक्रमाचे स्मारक काय, म्हणाल, तर काठावरचे ‘एल तोवार’ हे प्रशस्त लाकडी पथिकगृह. पण ज्या पेद्रो दे तोवारचे नाव त्यास दिले आहे, त्याने ही घळ कधी पाहिलीच नव्हती. तो होपींच्या गावापर्यंत जाऊन नदीची केवळ वार्ता घेऊन परतला होता. नावांच्या इतिहासातील ही पहिली गंमत आम्ही टिपून ठेवली.

पुढे १७७६ साली, इकडे पुरंदरचा तह झाला त्या वर्षी, गार्सेस नावाचा एक फ्रान्सिस्कन साधू एकटाच ह्या मुलखात आला. घळीच्या एका उपशाखेत निळ्याहिरव्या पाण्याचा झरा आहे. त्याच्या काठी मका, घेवडा आणि भोपळा पिकविणारी एक लहानशी जमात राहत असे, व आजही राहते. तिचे नाव हवासुपाई. अर्थ, ‘निळ्याहिरव्या पाण्याची माणसे’. त्यांनी ह्या अनोळखी गोऱ्या गोसाव्यास कित्येक दिवस खाऊपिऊ घातले आणि सुखरूप वाटेस लावले. पाहुणचाराची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्यानंतर १८५८ साली अमेरिकन लष्करातील लेफ्टनंट आइव्ह्ज हा आगबोटीने नदीच्या मुखाकडून वर आला, आणि बोट अडल्यावर पायी घळीच्या तळापर्यंत उतरला. त्याने आपल्या अहवालात असा अभिप्राय दिला की, हा प्रदेश सर्वस्वी निरुपयोगी असून येथे येणारी गोऱ्या लोकांची आपलीच टोळी पहिली व बहुधा शेवटची ठरेल. आज ह्या स्थळी वर्षाकाठी ४५ लाखांहून अधिक प्रवासी येतात. भविष्य सांगण्याचा मोह इतिहासकाराने का आवरावा, ह्याचे हे उदाहरण आम्ही वर्गात सांगत असतो.

घळीचा खरा शोधक म्हणून ज्याचे नाव घेतात, तो मेजर जॉन वेस्ली पॉवेल. शायलोच्या रणभूमीवर १८६२ साली त्याचा उजवा हात गेला होता. २४ मे १८६९ रोजी चार नावा व नऊ सोबती घेऊन हा एकहाती पुरुष वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर ह्या गावाहून निघाला. दोनच आठवडे आधी खंडाच्या आरपार जाणारी आगगाडी पुरी झाली होती. तिच्याच डब्यांतून त्याच्या नावा आल्या होत्या. पुढे पाणी कसे आहे, धबधबे किती आहेत, ह्याची कोणास माहिती नव्हती. एक नाव फुटली. एक गडी मधूनच परतला. पीठ आंबले, खारवलेले मांस सडले. २८ ऑगस्ट रोजी एका भयंकर प्रपातापाशी तिघांनी पुढे जाण्याचे नाकारले व ते कडा चढून गेले. पुढे ते तिघेही मारले गेले. कोणी मारले, ह्याविषयी अद्याप वाद आहे. उरलेले सहाजण दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, व्हर्जिन नदीच्या संगमाशी सुखरूप बाहेर पडले. दैवाची ही क्रूर थट्टा वाचून कोणाचेही मन हेलावल्यावाचून राहणार नाही.

पण पॉवेलचा मोठेपणा केवळ धाडसात नव्हता. ज्या घळीतून तो ‘प्रथम’ जात होता, तिच्या तळाशी त्यास पडक्या घरांचे अवशेष व मडक्यांचे तुकडे आढळले, आणि ते त्याने प्रामाणिकपणे नमूद केले. पुढे तो पायूट लोकांत राहिला, त्यांची भाषा लिहून घेऊ लागला, आणि वॉशिंग्टन येथील मानवजातिशास्त्राच्या सरकारी संस्थेचा १८७९ साली पहिला संचालक झाला. नकाशा करताना त्याने त्या लोकांचीच पुष्कळ नावे राखली. कायबाब, शिव्हविट्स, उइंकारेट ही पठारे आजही त्याच नावांनी ओळखली जातात. ‘कायबाब’ म्हणजे आडवा झालेला डोंगर. त्या सपाट माथ्याच्या पर्वतास ह्याहून समर्पक शब्द कोणता सुचला असता?

विष्णू आणि शिव ह्यांस येथे आणणारा पुरुष ह्या पॉवेलचाच सहकारी होता. त्याचे नाव क्लॅरेन्स डटन. हा लष्करात तोफखान्याकडील अधिकारी. येल विद्यापीठाचा पदवीधर. भूशास्त्र तो हौसेने शिकला. त्याचा ग्रँड कॅनियनवरील मोठा ग्रंथ १८८२ साली सरकारतर्फे प्रसिद्ध झाला. शास्त्रीय ग्रंथांत इतके रसाळ ग्रंथ थोडेच असतील. त्याचे म्हणणे असे की, आल्प्सची हिरवी सौंदर्यदृष्टी घेऊन येणाऱ्यास हा देखावा प्रथम बेडौल व भडक वाटेल. येथील रंग आणि आकार समजून घेण्यास डोळ्यांस नवे शिक्षण द्यावे लागेल. नवी दृष्टी आली की नवे शब्दही हवेत. ग्रीक मंदिरे व गॉथिक मनोरे ह्यांत त्या शिखरांची उपमा पुरी होईना; तेव्हा एकावर एक चढत्या मजल्यांची, कोनाड्यांनी नटलेली पूर्वेकडील देवळे त्यास आठवली. विष्णूचे व शिवाचे देऊळ ही नावे त्याने दिली. पुढे १९०२ सालापासून नकाशे करणाऱ्या मॅथिस ह्याने व इतरांनी हीच वाट चोखाळली. मग कृष्ण आला, झरथुष्ट्र आला, कन्फ्यूशियस आला, ईजिप्तच्या देवता आल्या, आणि अखेर इंग्रजी दंतकथांतील आर्थर राजाही आपल्या राणीसह येऊन बसला. जगातील यच्चयावत् देवांचे संमेलनच तेथे भरले. आमच्या तिसऱ्या गृहस्थांचा सिद्धान्त येथे निकालात निघतो.

डटनविषयी आमच्या मनात अनादर नाही. ज्या काळात आमच्या देवतांची हेटाळणी करणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण समजले जाई, त्या काळात एका अमेरिकन अधिकाऱ्याने आपल्या देशातील सर्वांत भव्य शिखरास विष्णूचे नाव द्यावे, ह्यात उदार मनाची साक्ष आहे. पण ज्या संमेलनास सारे जग बोलावले, त्यात घरच्या यजमानाचे आसन कोठे होते? काठावर फिरताना खाली सुमारे तीन हजार फुटांवर हिरव्या झाडांचा एक पुंजका दिसतो. त्या रुक्ष, तांबड्या विस्तारात तो डोळ्यांस एकदम थंडावा देतो. आमच्याजवळच्या जुन्या नकाशात त्याचे नाव ‘इंडियन गार्डन’ असे होते. ते वाचून आमचे सिद्धान्ती गृहस्थ पुनः उल्हसित झाले. कोलंबसाच्या चुकीमुळे आपले नाव ज्यांस चिकटले त्या लोकांची ती बाग, हे त्यांस समजावून सांगावे लागले. काठावरच्या नव्या पाटीवर मात्र नाव निराळे होते: ‘हवासुपाई गार्डन्स’.

गार्सेस साधूस जेवू घालणाऱ्या त्याच लोकांची ही बाग. उन्हाळ्यात घळीतील झऱ्यांवर शेती करावी, हिवाळ्यात वरच्या पठारावर शिकारीस जावे, असा त्यांचा क्रम होता. १८८२ साली सरकारने त्यांस सुमारे ५१८ एकर जमीन आखून दिली, व बाकीचा सारा मुलूख त्यांचा नव्हे असे ठरविले. १९०१ साली आगगाडी दक्षिण काठावर आली, १९०५ साली ‘एल तोवार’ उभे राहिले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे १९०३ साली येथे आले असता, हे स्थळ आहे तसेच राहू द्या, मनुष्याने त्यास हात लावला तर ते बिघडेलच, असा उपदेश त्यांनी केला. उपदेश उत्तम होता. खाणवाल्यांच्या आणि जकातवाल्यांच्या तावडीतून घळ वाचली ती त्याच विचारामुळे. १९०८ साली ती राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९१९ साली राष्ट्रीय उद्यान. परंतु ‘आहे तसे’ ह्या शब्दांत तेथे राहणारी माणसे धरली गेली नाहीत. निसर्ग निर्मनुष्य असला तरच शुद्ध, अशी एक समजूत त्या काळी होती. आजही ती सर्वस्वी गेलेली नाही. त्या बागेत शेती करणारा शेवटचा हवासुपाई, कॅप्टन बुरो ह्या नावाने ओळखला जाणारा वृद्ध, १९२८ साली तेथून घालविला गेला. बाग राहिली, ‘इंडियन’ हे नावही राहिले. ज्याच्यावरून नाव पडले, तो मात्र गेला.

शिवाच्या देवळाचा एक किस्सा येथेच सांगणे प्राप्त आहे. ह्या शिखराच्या माथ्यावर सुमारे ३०० एकरांचे सपाट रान आहे, आणि ते चहूंकडून कड्यांनी तुटलेले आहे. तेथील प्राणी हजारो वर्षे एकटे राहिले असतील, तर त्यांच्यात निराळेपण आले असेल काय, हे पाहण्यासाठी १९३७ साली न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने डॉ. हॅरल्ड अँथनी ह्यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी वर चढविली. वर्तमानपत्रांनी तर तेथे प्राचीन महासरडे जिवंत असल्यासारखा गाजावाजा केला. वर काय सापडले? काठावर होते तसेच उंदीर व खारी. फेकलेली हरणांची शिंगे. तद्देशीय मनुष्यांनी शेकडो वर्षांपूर्वी घडविलेल्या दगडी हत्यारांच्या कपच्या. आणि छायाचित्राच्या फितीची एक रिकामी कोडॅक डबी. काठावर दुकान असलेला एमरी कोल्ब हा छायाचित्रकार त्यांच्या आधीच गुपचूप वर जाऊन आला होता. मनुष्याचा पाय जेथे कधी लागला नाही अशा जागेच्या शोधात निघालेल्यास नेहमीच कोणाच्या तरी पावलांचे ठसे भेटतात. त्या पूर्वी, १९३३ साली, ह्याच घळीतील एका गुहेत डहाळी चिरून व वाकवून केलेल्या हरणांच्या लहान प्रतिमा सापडल्या; अशा प्रतिमा तीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. विष्णूचे नाव येथे येऊन दीडशे वर्षेही झाली नाहीत.

हा अनुभव एकट्या ग्रँड कॅनियनचा नव्हे, हे आजूबाजूची स्थळे पाहताना कळून आले. वायव्येस यूटा संस्थानात एक अत्यंत सुंदर दरी आहे; तिचे पायूट नाव ‘मुकुंतुवीप’ हे पॉवेलने १८७२ साली नकाशावर घातले होते, आणि १९०९ साली राष्ट्रीय स्मारक झाले तेही त्याच नावाने. पण १९१८ साली उद्यानखात्याच्या अधिकाऱ्यांस हे नाव प्रवाशांच्या जिभेस अवघड वाटले. तेव्हा ते काढून मॉर्मन वसाहतवाल्यांचे बायबलमधील ‘झायन’ हे नाव ठेवण्यात आले. प्रवाशांच्या सोयीसाठी आगगाडीचे वेळापत्रक बदलावे, तसे डोंगराचे नाव बदलले.

पूर्वेकडे पेज नावाच्या गावाजवळ आम्ही दोन दिवस राहिलो. तेथे ग्लेन कॅनियनचे ७१० फूट उंचीचे धरण आहे. ह्या घळीस ‘ग्लेन’ हे प्रेमाचे नाव पॉवेलच्या मंडळींनी दिले. तिच्यातील झरे, कमानी व शांतता ह्यांनी ते मोहून गेले होते. १९६३ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ती सारी घळ पाण्याखाली गेली. ज्या जलाशयाने ती बुडविली त्याचे नाव ‘लेक पॉवेल’! ह्या कोरड्या प्रदेशात सर्व जमीन भिजविण्याइतके पाणी नाही, असे १८९३ साली लॉस एंजेलिसच्या सभेत बजावून ज्याने श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला, त्याच पॉवेलचे हे स्मारक. २०२३ च्या आरंभी जलाशय एक चतुर्थांशाहूनही कमी उरला होता, तेव्हा बुडालेल्या कमानी पुनः वर डोकावू लागल्या.

त्याच जलाशयाच्या एका फाट्याजवळ २९० फूट उंचीची एक निसर्गनिर्मित दगडी कमान आहे. तिला इंद्रधनुष्याचा पूल म्हणतात. नावाहो व पायूट लोकांस ती पवित्र. तेथपर्यंत जाणे आम्हांस साधले नाही. पण तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. १४ ऑगस्ट १९०९ रोजी प्राध्यापक कमिंग्ज व सरकारी मोजणीदार डग्लस हे तेथे पोहोचले, आणि ती प्रथम कोणी पाहिली ह्यावर दोघांच्या पक्षांत पुढे कित्येक वर्षे वाद चालला. त्यांस तेथे नेणारा नास्जा बेगे हा पायूट तरुण ह्या वादात पक्षकारही नव्हता. १९७० च्या सुमारास धरणाचे पाणी त्या कमानीखाली शिरले. नावाहो लोक न्यायासनापुढे गेले, आणि १९८० साली त्यांच्याविरुद्ध निकाल लागला.

पेजजवळच अँटिलोप कॅनियन आहे. येथे वाळूच्या दगडात पुराच्या पाण्याने चिंचोळ्या, वळणदार फटी कोरल्या आहेत. आत शिरले की दोन्ही हात दोन्ही भिंतींस लागतात. माथ्याच्या फटीतून ऊन झिरपते, आणि भिंती केशरी, जांभळ्या, गुलाबी होत जातात. पैठणीचा पदर उलगडावा, तसे ते दगड दिसले. ही भूमी नावाहो राष्ट्राची असल्यामुळे त्यांच्याच वाटाड्याबरोबर जावे लागते. आमची वाटाडी एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, “तुमच्या नकाशात हिचे नाव हरणाचे आहे. आमची आजी हिला ‘त्से बिघानिलिनी’ म्हणे. म्हणजे, खडकातून पाणी धावते ती जागा.” मग जरा थांबून तिने बारा ऑगस्ट १९९७ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी पाऊस पडला तो कित्येक मैल दूर. येथील आकाश फारसे भरलेलेही नव्हते. पण त्याच ओढ्यावरील खालच्या घळीत पाण्याचा लोंढा आला आणि अकरा प्रवासी त्यात गेले.

त्या अरुंद फटीत, थंड दगडास पाठ लावून हे ऐकत असता आमच्या मनातील गोंधळ निवळला. वाटसरू नाव देतो ते आपल्या विस्मयाचे. रहिवासी नाव देतो ते आपल्या अनुभवाचे. ‘विष्णूचे देऊळ’ ह्या नावावरून डटनच्या मनात काय उठले ते कळते. ‘मिठाची घळ’, ‘आडवा झालेला डोंगर’, ‘खडकातून पाणी धावते ती जागा’ ह्या नावांवरून त्या जागेत काय आहे, तेथे काय मिळते आणि कशास भ्यावे, हे कळते. पहिले नाव पुसले तर एक अलंकार जाईल. दुसरे पुसले तर एक पोथी जळेल.

महाराष्ट्रातील वाचकांस हे समजण्यास अमेरिकेस जावे लागत नाही. महाबळेश्वरी ज्यास आपण आर्थर सीट म्हणतो, त्या कड्याचे जुने नाव मढीमहाल; केट्स पॉईंट ही पूर्वीची नाके खिंड. आर्थर मॅलेट ह्या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे घर बांधले. त्याची पत्नी व मूल सावित्रीच्या पाण्यात बुडून मेली, आणि तो त्या कड्यावर बसून त्याच सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहत राही, असे सांगतात. त्याच्या दुःखाविषयी कोणासही सहानुभूतीच वाटेल. पण चार पिढ्या आपण मराठी माणसे सहलीस जाऊन त्याच नावाने तो कडा ओळखतो, आणि मढीमहाल कोणता असे विचारल्यास एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. ग्रँड कॅनियनच्या काठावर विष्णू व शिव हे आर्थर आणि केटच्या जागी बसले आहेत, एवढाच भेद. तिकडे नावे आपली म्हणून आपणांस हर्ष व्हावा, आणि इकडे ती परक्यांची म्हणून खेद व्हावा, ही काही न्यायबुद्धी नव्हे.

तिकडील लोकांनी ह्या बाबतीत अलीकडे पुष्कळ विचार केला आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. १९७५ साली सुमारे १,८५,००० एकर जमीन हवासुपाईंस परत मिळाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या मागणीवरून ‘इंडियन गार्डन’ हे नाव रद्द होऊन बागेस त्यांचे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये उद्यानालगतचा मोठा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला. त्याच्या लांबलचक नावाचा पहिला भाग हवासुपाई भाषेतील, दुसरा होपी भाषेतील आहे. ‘आमचे लोक जेथे हिंडतात’ आणि ‘आमच्या पूर्वजांची पावले’, असा त्या दोहोंचा अर्थ. १९१८ साली जे नाव जिभेस अवघड म्हणून काढले गेले, त्याहून हे कितीतरी अवघड आहे. पण लोक ते शिकत आहेत. नुसत्या नावाने जमीन परत येत नाही, आणि कॅप्टन बुरो तर नाहीच येणार. तथापि, ज्याचे नाव घेतले त्याची चौकशी केव्हा तरी होते. ज्याचे नावच गेले, त्याची कोण करणार?

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुनः काठावर गेलो. विष्णूच्या देवळाचे शिखर शेवटच्या उन्हात तांबडे झाले होते. त्या देखाव्यापुढे हात आपोआप जुळले, आणि ते जुळले ह्यात आम्हांस काही अनुचित वाटले नाही. सुंदर वस्तूस आपल्या भाषेत नमस्कार करण्याचा हक्क कोणासही आहे. पण नंतर आम्ही खाली पाहिले. अंधार तळातून वर चढत होता. त्यात बागेचा हिरवा ठिपका मावळण्यापूर्वी क्षणभर दिसला. बरोबरच्या सिद्धान्ती गृहस्थांनी पाटीवरचे नाव मोठ्याने वाचले. पहिल्यांदा ते चुकले. दुसऱ्यांदा त्यांनी ते बरोबर उच्चारले.